सातेरी मधमाश्यांच्या पेट्या घेताय? आधी खालची चौकट उचलून बघा

पाच पेट्या, प्रत्येकी ४,८०० रुपये. वर टेम्पोचे १,२०० आणि 'औषधा'चे १,७५०. एकूण २६,९५० रुपये पाण्यात. आंब्याला मोहोर यायच्या आत सातेरी बागेत बसवायची होती, ती घाई पेट्या विकणाऱ्या माणसाच्या बरोबर पथ्यावर पडली.

मधमाश्यांना रोग होतात हे मलाही ठाऊक होतं. पण थाई सॅकब्रूड या विषाणूच्या रोगात उडणारी माशी धडधाकट दिसते, दारात पराग घेऊन ये-जा चालूच. मरते ती आतली अळी. मग गिऱ्हाईकाला कळणार कसं?

कळण्यासारखं फक्त एकदाच दिसलं. तो वरच्या कोठीतला मधच दाखवत होता, खालची, अळ्यांच्या पोळ्याची चौकट मी हट्टाने उचलायला लावली. पोळ्यातल्या कोष्ठांच्या, म्हणजे अळ्यांच्या घरांच्या, झाकणांना भोकं, आत अळ्या ताठ, टोक वर करून होडीसारख्या पडलेल्या. विचारलं तर म्हणतो, "भाऊ, राणी जुनी झालीय, बदलली की झालं." आणि चौकट लगेच खाली. तेव्हाच चिमटा मागायला हवा होता! घरी एक अळी ओढून काढली तर नुसती कातडीची पिशवी, आत पाणी. या रोगाची खूणच ती. पेट्यांचा धंदा करणाऱ्याला हे माहीत नसेल?

वर फोनवरून पुडी विकली, साखरेच्या पाकातून द्यायला. मेडिकलवाल्याने बघून सांगितलं, अँटिबायोटिक. विषाणूवर अँटिबायोटिक! आणि ते मधात उतरतं ते वेगळंच. १९९१-९२ मध्ये याच विषाणूने दक्षिणेत सातेरीच्या ९० टक्क्यांहून जास्त वसाहती संपवल्या. त्यावर औषध आजही नाही. पुडी विकणारा दिसला की उठून चालू लागा.

आता तक्रारीचं ऐका. शेतीवाले म्हणाले, हे पीक नाही. गुरांच्या दवाखान्यात म्हणाले, हे जनावर नाही. ठाण्यात हवालदार विचारतो, "मेल्या की उडून गेल्या? नक्की काय लिहू?" दोन्ही, साहेब! अळ्या मेल्या आणि उरलेल्या माश्या पेटी सोडून गेल्या. पावती म्हणजे वहीचं पान, त्यावर 'पेटी ५ नग'. मग सल्ला मिळाला, प्रयोगशाळेचा दाखला आणा. कुठल्या प्रयोगशाळेचा? ते त्यांनाच माहीत नाही. पावतीवर 'रोगमुक्त वसाहत' असं लिहून सही घ्या, नाहीतर तुमचीही हीच वरात.

रोगट पोळं दुसऱ्या पेटीत घालू नका, रिकामी पेटी कुणाला विकू नका.

परवा बागायतदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचीच जाहिरात: 'निरोगी सातेरी, मोजक्याच पेट्या'. भाव आता ५,२००. खाली मी त्या अळीचा फोटो टाकला. अॅडमिनने फोटो काढला, जाहिरात ठेवली.