मुंबई ते अमेरिका, मध्ये आखात: काही महिन्यांच्या वापरानंतर

आखातात विमान बदलून अमेरिकेला आणि युरोपला नेणाऱ्या एका मोठ्या कंपनीची सेवा आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीच कुटुंबं वापरतात. गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं, बाळंतपणाला जाणाऱ्या आयांचं आणि सुट्टीवर येणाऱ्या मुलांचं जाणं-येणं तिच्यावरच चालू आहे. नाव देत नाही, कारण पुढचं जवळजवळ सगळं तिच्यासारख्या इतर कंपन्यांनाही लागू पडतं.

विमानं बरी आहेत, वेळही बहुतेकदा पाळतात, आणि आतली माणसं नीट बोलतात. संताप येतो तो काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं तिथे. एजंटकडून कंपनीकडे, एका विमानातून दुसऱ्या विमानात, मुंबईच्या काउंटरवरून आखातातल्या काउंटरवर. अशा प्रत्येक जागी काही ना काही नोंद गळते, आणि ती गळल्याचं प्रवाशाला तिथे पोचल्यावरच कळतं.

सुरुवात तिकिटापासून. तिकीट एजंटने किंवा एखाद्या संकेतस्थळावरून काढलं की पीएनआरमध्ये, म्हणजे बुकिंगच्या नोंदीत, संपर्क म्हणून त्यांचाच मोबाइल आणि ईमेल पडतो. कंपनीने वेळ बदलली की निरोप त्यांना जातो, तुम्हाला नाही. आणि वेळा बदलतात, महिना-दोन महिने आधी तर हमखास. म्हणून तिकीट हातात आल्याबरोबर कंपनीच्या ॲपमध्ये पीएनआर टाकून स्वतःचा नंबर आणि ईमेल घाला. गावात रेंज नसेल तर मुंबईतल्या कुणा नातेवाइकाचाही घाला. वेळ बदलली असेल तर नुसतं ॲपमध्ये नवीन वेळ दिसणं पुरेसं नाही. तिकीट नव्याने जारी झालंय का, हे 13 आकडी ई-तिकीट क्रमांक सांगून विचारा. बुकिंग बदललेलं आणि तिकीट जुनंच, असं झालं की काउंटरवरचा माणूस बोर्डिंग पास काढू शकत नाही, आणि अर्धा-पाऊण तास फोनाफोनीत जातो.

दोन कंपन्यांच्या भागीदारीतलं तिकीट असेल तर पीएनआरही दोन असतात. विकणाऱ्या कंपनीचा एक, प्रत्यक्ष विमान उडवणारीचा दुसरा. जेवण, व्हीलचेअर, सीट हे सगळं उडवणाऱ्या कंपनीच्या पीएनआरवर दिसलं पाहिजे. तिथे दिसत नसेल तर ते झालेलंच नाही असं समजा.

कोकणातून निघणाऱ्याचा खरा धोका मुंबईच्या अलीकडे आहे. आखाताकडे जाणारी बरीच विमानं पहाटे सुटतात. 12 तारखेचं पहाटे चारचं विमान म्हणजे 11 तारखेच्या रात्री विमानतळावर हजर, हे घरात सगळ्यांना तोंडपाठ झालं पाहिजे. कोकणकन्या आणि तुतारी या गाड्या पहाटे-सकाळी मुंबईत पोचतात, म्हणजे अशा विमानाला त्यांचा उपयोग 10 तारखेच्या रात्रीच्या गाडीचं आरक्षण केलं तरच. दिवसाची मांडवी रात्री पोचवते, ठाण्याला किंवा दादरला उतरून सहार गाठता येतं, पण हातात वेळ फार उरत नाही. पावसाळ्यात तेही नको. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्यांचा वेग कमी असतो. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं, आणि त्याच आठवड्यात खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली. दोन्ही वेळा गाड्या अडकल्या. जून ते सप्टेंबर एक अख्खा दिवस मोकळा ठेवून मुंबईत मुक्काम करा. विमान चुकण्यापेक्षा एका रात्रीची खोली कितीतरी स्वस्त पडते.

कारण पहिला टप्पा चुकला आणि तुम्ही काही कळवलं नाही, तर पुढचे सगळे टप्पे, परतीचे धरून, आपोआप रद्द होतात. गाडी अडकली असेल तर विमान सुटायच्या आधी, गाडीत बसल्या बसल्या, कंपनीला फोन करा आणि तारीख बदलून मागा. सुटण्याआधी बदललं तर दंड आणि भाड्यातला फरक. सुटल्यावर फोन केला तर बहुतेक स्वस्त तिकिटांत हाती फक्त काही कर परत येतात.

सावंतवाडी-कुडाळकडच्या लोकांना गोव्यातला मोपा विमानतळ जवळ. पण मोपा ते मुंबई एक तिकीट आणि तिथून पुढे वेगळं तिकीट, असं करू नका. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची कंपनी जबाबदार नाही. शिवाय बॅग मुंबईत घ्यायची, कदाचित टर्मिनल 1 वरून 2 ला जायचं, आणि पुन्हा रांग. सगळे टप्पे एकाच तिकिटावर असतील तर चुकलेल्या जोडणीची जबाबदारी कंपनीची राहते. दोन-तीन हजार रुपये जास्त गेले तरी हेच घ्या.

आता बॅग. अमेरिकेच्या मार्गावर साधारणपणे 23 किलोच्या दोन बॅगा मिळतात, आणि लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटीमीटर. इथे नग मोजतात, त्यामुळे एक 26 आणि एक 20 चालत नाही, एकूण 46 च असलं तरी. आखातापर्यंतच्या प्रवासात बहुधा एकूण वजन मोजतात, तिथे इकडचं तिकडे करता येतं. लटकवायचा वजनकाटा चार-पाचशे रुपयांत मिळतो. घरीच 22.5 वर थांबा, काट्याकाट्यात फरक असतो.

बॅग मागे राहण्याची आमच्याकडची दोन कारणं ठरलेली आहेत. पहिलं सुकं खोबरं. त्यात तेल असतं आणि ते आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानात धोकादायक माल समजतात. तपासणीत दिसलं की बॅग बाजूला काढतात, उघडतात, आणि त्यात वेळ गेला की ती त्या विमानात चढत नाही. पॉवर बँकेचंही तेच. ती हातातल्या बॅगेतच हवी, क्षमता 100 वॅट-अवरच्या आत. दुसरं कारण जुने स्टिकर. मागच्या प्रवासाचे बारकोडचे छोटे तुकडे बॅगेच्या कडेला चिकटून राहतात आणि पट्ट्यावरचं यंत्र चुकीचा बारकोड वाचतं. ते खरवडून काढा.

काउंटरवर टॅग लावला की तो वाचल्याशिवाय हलू नका. वर मोठ्या अक्षरांत शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरं असतात, त्याखाली मधल्या टप्प्यांची, आणि 10 आकडी क्रमांक. न्यूयॉर्कला जायचं तर जेएफके किंवा ईडब्ल्यूआर दिसलं पाहिजे, आखातातल्या शहराचं नाव नाही. बॅगेचा आणि टॅगचा एकत्र फोटो घ्या. अमेरिकेत पुढे आणखी विमान असेल तर टॅगवर शेवटचं शहर असूनही बॅग पहिल्या विमानतळावर स्वतः उचलावी लागते, कस्टममधून नेऊन पुन्हा पट्ट्यावर द्यावी लागते. हे विमानात कुणी धड सांगत नाही. अपवाद अबू धाबीचा. तिथे अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टम तपासणी आधीच होते, पण त्यासाठी मधला थांबा तीन तासांपेक्षा कमी घेऊ नका.

हापूसच्या पेट्या दुबई-मस्कतपर्यंत जातात. अमेरिकेत सामानातून ताजा आंबा नेता येत नाही. तिथे 2007 पासून तो विकिरण प्रक्रिया होऊन व्यापारी मार्गानेच जातो. आखाताला नेताना एवढं लक्षात ठेवा की नाशवंत मालाची जबाबदारी कंपन्या आपल्या अटींत नाकारतात. बॅग तीन दिवसांनी आली तर आंब्याचे पैसे मिळत नाहीत.

बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडायच्या आधी पीआयआर, म्हणजे बॅगेच्या तक्रारीची लेखी नोंद, करून घ्या. त्यावर विमानतळाची तीन अक्षरं, कंपनीची दोन आणि पाच आकडे असा क्रमांक मिळतो, पुढचं सगळं त्याच्यावर चालतं. टूथब्रश, कपडे, औषधं यांची बिलं जपा. मॉन्ट्रियल कराराप्रमाणे (विमान कंपन्यांच्या जबाबदारीचा आंतरराष्ट्रीय करार) बॅगेसाठी कमाल भरपाई 28 डिसेंबर 2024 पासून 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, आधी 1,288 होती. ही कमाल मर्यादा आहे. मिळतं ते सिद्ध केलेलं नुकसान. लेखी तक्रार बॅग फुटली असेल तर मिळाल्यापासून 7 दिवसांत, उशिरा आली असेल तर 21 दिवसांत. फोनवरची तक्रार धरत नाहीत. 21 दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून दावा करता येतो.

व्हीलचेअरबद्दल जास्त लिहावंसं वाटतं, कारण इथेच आपली म्हातारी माणसं सर्वांत जास्त सोसतात. एजंट सरसकट डब्ल्यूसीएचआर टाकतात. त्याचा अर्थ, माणूस जिने चढू-उतरू शकतो, फक्त लांब चालू शकत नाही. गुडघे गेलेल्या आजीला डब्ल्यूसीएचएस हवं, म्हणजे जिना जमत नाही. आखातात विमान कित्येकदा इमारतीपासून दूर उभं राहतं. तिथे जिन्याने उतरून बस असते. नोंद डब्ल्यूसीएचआर असेल तर आजीला जिन्यावरूनच उतरवतात, डब्ल्यूसीएचएस असेल तर उचलणारी गाडी दाराला लागते. अजिबात चालता येत नसेल तर डब्ल्यूसीएचसी. ही नोंद दोन्ही टप्प्यांवर आणि परतीवरही आहे का, ते निघण्याच्या 48 तास आधी फोन करून वदवून घ्या.

थांब्यावर सगळ्या व्हीलचेअर एका कोपऱ्यात ओळीने लावतात. ढकलणारा माणूस बोर्डिंग पास घेऊन जातो, त्याची पाळी संपते, नवा येतो. तास-तास पाणी नाही, शौचालयाला न्यायला कुणी नाही. गळ्यात पिशवी अडकवा. त्यात इंग्रजीत लिहिलेला कागद ठेवा: नाव, दोन्ही विमानांचे क्रमांक, गेटची वेळ, औषधं, मुलाचा फोन. बोर्डिंग पास परत मागून घ्यायला घरूनच शिकवून पाठवा. हिंदी समजणारं कुणीतरी तिथे जवळपास असतंच, बिनधास्त हाक मारायला सांगा.

आतल्या सीटचं थोडक्यात. बोइंग 777 मध्ये एका रांगेत 3-4-3 अशा दहा सीट असतील तर रुंदी साधारण 17 इंच. एअरबस ए350 मध्ये नऊ असतील तर जरा मोकळं. आखात ते न्यूयॉर्क चौदा तास, तेव्हा तिकीट काढताना विमान कोणतं ते बघा. काही सीटखाली पडद्याच्या यंत्राची पेटी असते आणि एक पाय सरळ होत नाही. हवा फार कोरडी असते, म्हणून पाण्याची वाट न बघता मागे जाऊन मागून घ्या.

जेवणाची विनंती किमान 24 तास आधी. एव्हीएमएल म्हणजे आपल्या पद्धतीचं शाकाहारी, एचएनएमएल म्हणजे गोमांस नसलेलं मांसाहारी, व्हीजेएमएल जैन. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी हेच घ्यावं. उपासाला एफपीएमएल, नुसती फळं. व्हीजीएमएल घेऊ नका, त्यात दही-दूधही नसतं. ताटावर सीट नंबरचा स्टिकर असतो. कुणाशी जागा बदललीत तर ताट जुन्या सीटवर जातं, तेव्हा क्रूला आधी सांगा. विमान बदललं किंवा तिकीट नव्याने निघालं की ही विनंती बहुतेक वेळा उडते. ती पुन्हा टाकावी लागते. लांब टप्प्यात पहिलं जेवण सुरुवातीला, दुसरं उतरण्याआधी, मधल्या सात-आठ तासांत ब्रेडचे तुकडे. मधुमेह असणाऱ्यांनी शेंगदाण्याचे लाडू, खाकरे, खजूर जवळ ठेवावेत. इन्सुलिन हातातल्या बॅगेत डॉक्टरच्या चिठ्ठीसकट ठेवा. खालच्या कप्प्यात ते गोठलं तर वाया जातं.

उशिराच्या भरपाईत दिशा महत्त्वाची. युरोपातून निघणारं विमान कोणत्याही कंपनीचं असो, 3,500 किलोमीटरच्या पुढे आणि चार तास किंवा जास्त उशीर झाला तर युरोपच्या नियमाने 600 युरो मागता येतात. तीन ते चार तासांत ते निम्मे होऊ शकतात, आणि हवामानासारख्या कारणांना काहीच नाही. आखातात जोडणी चुकली तरी तिकीट एकच असेल तर शेवटच्या ठिकाणचा उशीर धरतात. मात्र इकडून युरोपला जाताना, कंपनी युरोपची नसेल तर, हा नियम नाही.

तक्रार कंपनीच्या संकेतस्थळावरच्या अर्जातूनच करा. पहिलं उत्तर ठरावीक मजकुराचं येतं, पुढच्या वेळेसाठी व्हाउचर देऊ करतात. पैसेच हवे असतील तर व्हाउचर स्वीकारू नका, ते घेतल्यावर प्रकरण मिटलं असं धरतात. पीआयआर, टॅग, बोर्डिंग पास आणि बिलं जोडून पुन्हा लिहा, आणि तरी हललं नाही तर भारत सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तीच कागदपत्रं टाका. दाव्याची मुदत मॉन्ट्रियल करारात दोन वर्षं आहे, म्हणून बोर्डिंग पासचे तुकडे तोवर फेकू नका.