मोठी संख्या मूळ आहे का? कसोटी निवडताना

समोर मोठी संख्या आहे आणि ती मूळ की संयुक्त हे ठरवायचंय. आधी एक विचारून घ्या: अवयव हवेत, झटपट उत्तर हवंय की पक्की सिद्धता?

भागून पाहणं सगळ्यात सरळ. वर्गमूळापर्यंत भाजक तपासायचे, अवयवही हाती लागतात. बारा अंकी संख्येला दहा लाखांपर्यंत गेलं की झालं. शंभर अंकी संख्येचं वर्गमूळच पन्नास अंकी, तिथे हा रस्ता बंद. तरी पहिल्या काहीशे मूळ संख्यांनी भागून पाहाच; बहुतेक संयुक्त संख्या तिथेच गळतात.

फर्माची कसोटी वेगवान आहे: तपासायच्या संख्येहून लहान एखादी संख्या (पाया) घ्यायची, तपासायच्या संख्येपेक्षा एकने कमी इतका तिचा घात करायचा आणि तपासायच्या संख्येने भागायचं; बाकी १ नसली तर संख्या संयुक्त. पण ५६१ तिला सहज फसवते. ही संख्या ३ × ११ × १७ आहे, तरी २ च्या ५६० व्या घाताला ५६१ ने भागलं की बाकी १ उरते, जशी मूळ संख्येला उरावी. पाया बदलूनही, तो ३, ११ किंवा १७ च्या पटीत नसला तर, तेच. अशा कारमायकेल संख्या अनंत आहेत, हे १९९४ मध्ये सिद्ध झालं. एकटी वापरायची ही कसोटी नव्हे.

मिलर-राबिन जवळपास तेच गणित करते, फक्त वाटेतल्या बाक्याही पाहते. ५६० म्हणजे १६ × ३५. २ च्या ३५ व्या घाताची बाकी २६३. पुढे वर्ग करत गेलं की १६६, ६७ आणि १. म्हणजे ६७ च्या वर्गाची बाकी १ आली, पण ६७ स्वतः १ नाही आणि ५६० ही नाही. भाजक मूळ असता तर असं घडलंच नसतं. चोर सापडला!

संयुक्त संख्या एका यदृच्छ पायाला चकवण्याची शक्यता जास्तीत जास्त पावभर. चाळीस पाये घेतले तर २ च्या ८० व्या घातात एक. आणि संख्या २ च्या ६४ व्या घातापेक्षा लहान असेल तर २ ते ३७ या बारा मूळ संख्या पाया म्हणून घेतल्या की उत्तर निश्चितच. माझं मत विचाराल तर बहुतेकांनी इथेच थांबावं. मात्र संख्या दुसऱ्या कुणी मुद्दाम निवडून दिलेली आणि त्याहून मोठी असेल, तर पाये ठरावीक ठेवू नका.

आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांची २००२ ची एकेएस कसोटी सिद्धांत म्हणून थोर: बहुपदी वेळ (म्हणजे अंक वाढले तरी लागणारा वेळ आटोक्यात वाढतो), शंकेला जागा नाही. प्रत्यक्षात संथ. मोठ्या संख्येची सिद्धताच हवी असेल तर लंबवर्तुळी वक्रांची पद्धत घ्या.

लुकास-लेहमर फक्त २ च्या घातातून १ वजा केलेल्या संख्यांसाठी, पण तिथे तिला तोड नाही.

यातली कुठलीच वेगवान कसोटी अवयव देण्याची हमी देत नाही. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केलेली संख्या संयुक्त असल्याचं लुकासने १८७६ मध्ये दाखवलं. तिचे अवयव १९०३ मध्ये कोलने मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. अवयवच हवे असतील तर आधी पोलार्डची ऱ्हो पद्धत, आणि शंभर अंकांच्या बरंच पुढे गेल्यावर संख्याक्षेत्र चाळणी.