आधी मॅलरी की आधी टेनिसन?

कोल्हापुरात बी.ए.च्या वर्गाला आर्थर राजाची दंतकथा शिकवताना मुद्रक कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापलेला मॅलरीचा गद्यग्रंथ आधी घ्यावा की इंग्रज कवी टेनिसनचे एकोणिसाव्या शतकातील काव्य, हा प्रश्न पडतोच. टेनिसनची भाषा तुलनेने जवळची आहे. त्याचा फायदा तेवढाच. मरणासन्न राजा आपली तलवार पाण्यात फेकायला सांगतो, तेव्हा मॅलरीचा सरदार बेडिव्हिअर तिच्या मुठीवरची रत्ने पाहून ती दोनदा लपवतो, खोटे बोलतो आणि तिसऱ्यांदा फेकतो; हे सारे मोजक्या शब्दांत आटोपते. टेनिसन मात्र तीच रत्ने चांदण्यात चमकवून त्याच्या मनाची घालमेल रंगवतो. ही भर मूळ वाचल्याशिवाय लक्षात येत नाही. पावनखिंडीचा पोवाडा ऐकत वाढलेल्या मुलांना (शाहिरागणिक प्रसंग कसा फुलतो, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही) मॅलरीचा एवढा उतारा, आधुनिक वर्णलेखनाच्या आवृत्तीतून, आधी द्यावा.