‘पेशींतला डीएनए तुटला आहे’ असे सांगून उकळलेले अठरा हजार

सोयाबीनचे पैसे शेतकऱ्यांच्या हातात येतात त्या दिवसांत, म्हणजे दिवाळीनंतर, अहमदपूर तालुक्यातील आमच्या गावाजवळच्या एका मंगल कार्यालयात ‘मोफत रेडिएशन तपासणी शिबिर’ भरले होते. आमच्या मोठ्या जाऊबाई आपल्या सुनेला घेऊन तेथे गेल्या. काही महिन्यांपूर्वी त्या मुलीचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला होता आणि घरापासून थोड्याच अंतरावर मोबाइलचा टॉवर उभा आहे, एवढी माहिती शिबिरातील माणसाने नाव लिहून घेतानाच गोड बोलून काढून घेतली. तपासणी मोफत असली तरी अहवालाचे 300 रुपये होते. त्यानंतर मोबाइलला चिकटवण्याच्या चार चकत्या प्रत्येकी 1,200 रुपयांना, सुनेच्या गळ्यात घालायचे एक पदक 3,500 रुपयांना आणि ‘टॉवरच्या लहरी शोषून घेणारे’ एक यंत्र 9,500 रुपयांना त्यांच्या गळी उतरवण्यात आले. एकूण 18,100 रुपये झाले. आमच्याकडच्या त्या वेळच्या बाजारभावाने ही चार क्विंटलहून अधिक सोयाबीनची किंमत होती.

पैशांपेक्षा मला अधिक सलते ते दुसरेच. ‘तुमच्या पेशींतील डीएनए मोबाइलच्या लहरींनी तुटला आहे, म्हणून गर्भ टिकला नाही,’ असे त्या माणसाने एका दुःखी मुलीला तोंडावर सांगितले. त्या दिवसापासून ती स्वतःलाच दोष देत होती. गरोदरपणी रात्री आईशी फोनवर बोलत बसायची, ते आठवून रडायची. “काकू, माझ्या मोबाइलमुळंच झालं का हो?” असे तिने मला विचारले, तेव्हा हा सगळा प्रकार मला कळला. सुरुवातीच्या महिन्यांतील गर्भपातांपैकी सुमारे निम्म्या गर्भपातांमागे गर्भाच्या गुणसूत्रांमध्ये बीजफलनाच्या वेळी किंवा त्याआधी योगायोगाने झालेली चूक असते, आणि त्यात आईच्या वागण्याचा काही दोष नसतो, हे लातूरच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तिला समजावून सांगितले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. शिबिराच्या शेवटच्या दिवशी मी माझ्या भावाला घेऊन तेथे गेले. हातात धातूची दांडी धरायची, एक मिनिट थांबायचे आणि संगणकातून कित्येक पानांचा अहवाल बाहेर यायचा, अशी तेथील पद्धत होती. भावाने आधी आपले खरे वय आणि वजन सांगितले. दुपारी टेबलावरचा माणूस बदलला, तेव्हा भावाने तीच दांडी धरून वय पंचवीस वर्षांनी वाढवून सांगितले. दुसऱ्या अहवालात त्याची ‘पेशींची हानी’ कितीतरी पटींनी वाढलेली होती. यंत्र शरीर पाहत नव्हते, तर टंकलेल्या वयावरून आकडे काढत होते. डीएनएची हानी खरोखर मोजायची असेल, तर रक्ताच्या किंवा अन्य पेशी घेऊन प्रयोगशाळेत त्यांची तपासणी करावी लागते. दांडी धरून ती कळत नाही.

मीटरचे प्रात्यक्षिक त्याहून चलाखीचे होते. फोन लागत असताना मीटरचा काटा वर जाई, मग चकती चिकटवली की खाली येई. प्रत्यक्षात फोन जोडणी करताना जास्त शक्तीने लहरी सोडतो आणि जोडणी झाल्यावर टॉवरच्या सूचनेप्रमाणे शक्ती आपोआप कमी करतो. त्यामुळे चकती न लावताही काटा तसाच खाली येतो. आमच्या घरातील चारही फोनची रेंज चकत्या लावूनही जशीच्या तशी राहिली. लहरी अडत असत्या, तर फोन टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी उलट अधिक शक्ती लावू लागला असता.

आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण त्या माणसाचा सगळा धंदा त्याच्यावरच उभा होता. भारतातील मोबाइलच्या लहरी साधारण 700 मेगाहर्ट्झपासून 3.5 गिगाहर्ट्झपर्यंतच्या असतात. त्यांच्या एका कणात असलेली ऊर्जा डीएनएतील रासायनिक बंध तोडण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या दोन लाखाव्या भागाहूनही कमी असते. क्ष-किरण आणि गॅमा किरण तो बंध तोडू शकतात, मोबाइलच्या लहरी थेट तोडू शकत नाहीत. त्यांचा पुरता सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींचे थोडे तापणे, आणि त्यावर मर्यादा राहावी म्हणून 2012 पासून भारतात फोनसाठी एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून किलोग्रॅममागे 1.6 वॅट ही कमाल पातळी ठरवलेली आहे. आपल्या फोनचा हा आकडा *#07# दाबून पाहता येतो.

तरीही ‘काहीच शंका नाही’ असे मी सुनेला सांगितले नाही, कारण ते खरे ठरले नसते. अमेरिकेत हेन्री लाय आणि नरेंद्र सिंह यांनी 1995 मध्ये उंदरांच्या मेंदूच्या पेशींतील डीएनएमध्ये तुटी आढळल्याचे प्रसिद्ध केले, पण 1997 मध्ये सेंट लुईस येथील संशोधकांना तसा परिणाम दिसला नाही. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा 2-ब गटात ठेवले. शिबिराच्या पत्रकात नेमका हाच गट ‘मोबाइलने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले’ असा छापला होता. पुरावा मर्यादित आहे, एवढाच त्या गटाचा अर्थ आहे. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच गटात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी फोन कानापासून दूर धरावा, स्पीकर किंवा वायरचा इअरफोन वापरावा. याला एक पैसाही लागत नाही.

त्या पदकाबद्दल मात्र मी खरोखर कळकळीने सांगते. त्याच्या डबीवर ‘ऋण आयन (म्हणजे ऋण विद्युतभार असलेले कण) देणारे’ अशा अर्थाचे छापले होते. डिसेंबर 2021 मध्ये नेदरलँड्सच्या किरणोत्सर्ग नियामक संस्थेने अशाच दाव्यांनी विकली जाणारी दहा उत्पादने तपासली. त्यांत लॉकेट, ब्रेसलेट आणि झोपताना डोळ्यांवर बांधायचा मुखवटा होता, आणि ती किरणोत्सर्गी निघाल्याने लोकांनी ती वापरू नयेत असा इशारा देण्यात आला. अशा वस्तूंत थोरियमसारखी किरणोत्सर्गी मूलद्रव्ये असलेली खनिजे मिसळलेली असू शकतात, आणि त्यांतून निघणारे किरण डीएनए तोडू शकतील अशाच जातीचे असतात. पुन्हा गरोदर राहण्याची इच्छा असलेल्या मुलीच्या गळ्यात दिवसरात्र घालायला ही वस्तू दिली गेली. मी ते पदक त्याच दिवशी काढायला लावले. कोणी असे पदक घेतले असेल तर ते अंगावर ठेवू नये, आणि फोडून किंवा घासून आत काय आहे ते पाहू नये.

जाऊबाईंना दिलेल्या साध्या कागदावरच्या पावतीवर जीएसटी क्रमांक नाही आणि विक्रेत्याचा पत्ताही अर्धवट आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली असून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीबाबत तेथे तक्रार शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. फसव्या जाहिरातीबद्दल जिल्हाधिकाऱ्यांकडेही अर्ज देता येतो. त्या शिबिरातून ज्यांनी काही घेतले असेल त्यांनी पावती, पत्रक, अहवाल आणि वस्तूची डबी फेकू नये. पैसे मोबाइलवरून दिले असतील तर कोणाच्या खात्यात गेले ते दाखवणारी नोंद छापून ठेवावी. आमच्या व्यवहारात तो खातेक्रमांक हाच विक्रेत्यापर्यंत पोहोचवणारा एकमेव पक्का धागा आहे.