अकरा महिने, चारशे बारा शब्द आणि एक बेट्रीब्सराट

अडीच स्टार. दुसऱ्या महिन्यात विचारलं असतंत तर साडेचार दिले असते. मागच्या मंगळवारी एकच दिला होता, तोही शून्याची सोय नसते म्हणून.

हे भाषांतराचं ॲप काय करतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. माझं काम चाकणकडच्या जर्मन कंपन्यांच्या एचआर कागदांचं. करार, धोरणं, बैठकांची इतिवृत्तं तिकडून जर्मनमध्ये येतात, इथे इंग्रजीत लागतात. दर महिन्याला भरलं तर महाग, वर्षाचे एकरकमी भरले तर दोन महिने फुकट. भरले. फुकट म्हटलं की आमच्या घरात कुणाचंच डोकं चालत नाही.

घेतलं ते शब्दसूचीसाठी. ‘बेट्रीब्सराट’, म्हणजे जर्मन कंपनीतली कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींची परिषद, तिला ‘वर्क्स कौन्सिल’च म्हणायचं, असं एकदा सांगून ठेवायचं आणि निर्धास्त व्हायचं. रात्री जागून चारशे बारा शब्द भरले. आठवडाभर मजेत गेला. मग एका इतिवृत्तात तीच संस्था पहिल्या पानावर ‘वर्क्स कौन्सिल’, दुसऱ्यावर ‘कंपनी ॲडव्हायझरी बोर्ड’ आणि चौथ्यावर ‘वर्क्स कमिटी’ झालेली सापडली.

कारण शोधायला दोन दिवस गेले. सूचीतला शब्द जसाच्या तसा आला तरच ॲप ओळखतं. अनेकवचनात ‘बेट्रीब्सरेटे’ झालं की हात वर. ‘बेट्रीब्सराट्सफोरझित्सेंडे’, म्हणजे त्या परिषदेचे अध्यक्ष, असा जोडशब्द आला की तर संपलंच. ‘घोडा’ ओळखतं, पण ‘घोड्याला’ ओळखत नाही, अशातला प्रकार. आणि जर्मन ऑफिसची भाषा म्हणजे समासांचीच रांग! सुटे शब्द तिथे भेटतात किती?

कुणी म्हणेल, एका शब्दासाठी एवढा थयथयाट कशाला. सांगते. जर्मनीत 1972 च्या कायद्याच्या कलम 102 प्रमाणे, जिथे ही परिषद आहे तिथे, कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढण्याआधी तिचं म्हणणं ऐकावंच लागतं. न ऐकता काढलं तर ते काढणं कायद्याने निरर्थक. ‘ॲडव्हायझरी’ म्हटलं की इथला मॅनेजर समजतो, सल्ला आहे, घेतला तर घेतला. ‘वर्क्स कमिटी’ त्याहून वाईट, कारण आपल्याकडे आधी 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात आणि 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत त्याच नावाची समिती आहे आणि तिच्यात मालकाचेही प्रतिनिधी बसतात. बेट्रीब्सराटमध्ये फक्त कर्मचाऱ्यांचे. नाव चुकलं की संस्थाच बदलते.

सपोर्टला लिहिलं. चार मेल, चारही उत्तरांत तेच: ‘कृपया शब्दसूची पुन्हा अपलोड करून पाहा.’ पाचव्यांदा वैतागून चौदा रूपं हातानेच भरली. तेव्हा कळलं की सूचीलाही मर्यादा आहे आणि पुढच्या नोंदींसाठी वरचं पॅकेज घ्यावं लागतं. म्हणजे त्यांचं व्याकरण कच्चं आणि भुर्दंड मला. त्या रात्री इथे एक स्टार देऊन मोकळी झाले होते.

तेव्हा लिहिलेला परिच्छेद आता काढून टाकलाय, कारण मध्ये एक गोष्ट घडली. एकाच फायलीत ‘उंटर फिअर आउगेन’ आणि ‘फिअर-आउगेन-प्रिन्सिप’ दोन्ही आले. दोन्हीकडे चार डोळे. पहिलं म्हणजे एकांतात, दोघांतच बोलणं. दुसरं म्हणजे दोघांच्या सहीशिवाय पैसे हलायचे नाहीत हा नियम. मी धरूनच चालले होते की खिचडी होणार. ॲपने पहिल्याला ‘इन प्रायव्हेट’ केलं, दुसऱ्याला ‘ड्युअल कंट्रोल’. ‘फ्लूरफुंक’, म्हणजे शब्दशः व्हरांड्यातला रेडिओ, खरं तर ऑफिसातली कुजबुज, त्याचं ‘ग्रेपव्हाइन’ केलं. मग माझ्या जुन्या फायली उघडून पाहिल्या. सुरुवातीच्या एका करारात मी स्वतः ‘मिटआर्बायटर’ला सगळीकडे ‘को-वर्कर’ लिहून ठेवलं होतं, जिथे सरळ ‘एम्प्लॉयी’ हवं. ॲप तिथे बरोबर होतं, मी त्याला ‘सुधारलं’ होतं. गप्प बसले आणि दीड स्टार वाढवला.

तरी एका जागी त्याच्यावर अजिबात विसंबू नका: नोकरी सोडतानाचं प्रशस्तिपत्रक, ‘आर्बाइट्सत्सॉइग्निस’. ते मागण्याचा हक्क कर्मचाऱ्याला कायद्याने आहे आणि भाषा गोडच ठेवावी लागते. म्हणून तिकडे गोड वाक्यांचीच उतरंड तयार झाली आहे. ‘सदैव आमच्या पूर्णतम समाधानापर्यंत’ म्हणजे अव्वल. ‘पूर्णतम’ला तिथले व्याकरणवाले नाकं मुरडतात, पण अव्वल नंबर त्याचाच. ‘पूर्णतम’चं नुसतं ‘पूर्ण’ झालं की एक पायरी खाली, ‘सदैव’ही गळलं की आणखी एक. आणि ‘त्यांनी नेहमी प्रयत्न केले’ म्हणजे नापास. ॲपने सुंदर इंग्रजी केलं, ‘ही ऑलवेज मेड अॅन एफर्ट’. एचआरच्या मॅडमचा फोन आला, “ताई, मुलगा कष्टाळू दिसतोय, बोलवू ना?” मी म्हटलं, “मॅडम, थांबा जरा.” ॲपचा एकही शब्द चुकलेला नव्हता. खाली टीप घालून कागद परत पाठवला. टिपेचे पैसे लावले नाहीत, लावायला हवे होते.

वर्ष संपायला तीन आठवडे आहेत. शब्दसूची एक्सेलमध्ये उतरवून घेतली आहे, चौदा रूपांसकट. आपोआप नूतनीकरणाचं बटण बंद केलंय. सोडून जाणाऱ्यांना शेवटच्या आठवड्यात सवलतीचा मेल येतो असं ऐकलंय. तो आला आणि निदान तीस टक्क्यांचा असला, तर बघू.