गोव्याच्या बारक्या लाटांवर सर्फ सेन्सर: अख्खा सीझन वापरून झाल्यावर

सर्फिंगसाठी सेन्सर घेऊ का असं बरेच जण विचारतात आणि त्यातल्या निम्म्यांना खरं तर एकच आकडा हवा असतो, आपण लाटेवर किती स्पीडने गेलो. त्यांना आधीच सांगून टाकतो, स्पीडसाठी घेत असाल तर राहू द्या. बाकीच्यांनी पुढे वाचा, कारण एका गोष्टीसाठी हा प्रकार खरंच कामाचा निघाला आणि ती गोष्ट बॉक्सवर कुठेच छापलेली नव्हती.

माझ्याकडे दोन वस्तू आहेत. मनगटावरचं जीपीएसवालं घड्याळ ज्यात सर्फिंगचा वेगळा मोड आहे, आणि बोर्डच्या नाकाजवळ चिकटवायचा एक चपटा गोल सेन्सर. ऑक्टोबरपासून मे संपेपर्यंत दोन्ही उत्तर गोव्यातल्या मांद्रे-आश्वे पट्ट्यात वापरले, अधूनमधून खाली दक्षिण गोव्यात आगोंदला. बोर्ड बहुतेक वेळा आठ फुटी सॉफ्टटॉप, म्हणजे वरून मऊ फोम असलेला. ब्रँडची नावं लिहीत नाही कारण खाली बऱ्याच तक्रारी आहेत, आणि तसंही आतला माल सगळ्यांचा एकाच जातीचा असतो, जीपीएस, हालचालीचा झटका मोजणारा ॲक्सलरोमीटर, फिरणं मोजणारा जायरोस्कोप, झालंच तर दिशा सांगणारा मॅग्नेटोमीटर. कल्पनाही जुनीच, रिप कर्लचं सर्चजीपीएस घड्याळ २०१४ मध्येच आलं होतं आणि २०१६ च्या सिरीज २ पासून ॲपल वॉचमध्येही जीपीएस आणि पाण्यात चालायची सोय आली. त्यामुळे कोणी तुम्हाला एकदम नवीन टेक्नॉलॉजी म्हणून विकत असेल तर भाव करा.

आता लाटा मोजण्याचं. यांच्याबरोबर येणारं मोबाईलचं ॲप लाट म्हणजे काय हे कसं ठरवतं, तर ठराविक वेगाच्या वर ठराविक सेकंद गेलात की ती एक लाट. कॅलिफोर्निया ऑस्ट्रेलियात हे चालत असेल, पण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत गुडघ्यापासून कमरेपर्यंतची लाट, ती चार-पाच सेकंदात किनाऱ्याला लागून मोकळी. अशा राइड ॲप सरळ गाळून टाकतं, म्हणजे उभं राहून नीट डावीकडे वळलेली लाट हिशोबात नाही आणि पोटावर पडून फेसाबरोबर किनाऱ्यापर्यंत वाहत गेलेली मात्र मस्तपैकी मोजलेली, कारण तिचा वेळ जास्त. तुम्ही उभे आहात की आडवे हे त्याला कळतच नाही. एकदा तर बोर्ड काखेत मारून वाळूवरून पळत गेलो तेही लाट म्हणून आलं, आणि त्या दिवसाची बेस्ट राइड तीच होती.

स्पीडचा गोंधळ वेगळाच आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो, खोली गुणिले गुरुत्वाकर्षण आणि त्याचं वर्गमूळ, एवढंच गणित. म्हणजे एक मीटर पाण्यात ताशी ११ किमीच्या आसपास, दीड मीटरमध्ये १४ च्या आत. आश्वेला आपण ज्या सँडबारवर, म्हणजे पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर, सर्फ करतो तिथे साधारण एवढंच पाणी असतं. सरळ किनाऱ्याकडे गेलात तर तुमचा वेग तोच, लाटेला तिरकं कापत ४५ अंशात गेलात तर साधारण १.४ पट, म्हणजे १६ ते १९. यापेक्षा फार पुढे जायला लाटच तशी लागते. आणि माझं ॲप मला ३६, ३८ असे टॉप स्पीड दाखवायचं! व्हिडिओबरोबर वेळ जुळवून बघितल्यावर कळलं की हे सगळे आकडे मी लाटेवरून पडलो तेव्हाचे. जीपीएसचा सिग्नल पाण्यातून जात नाही, वाइपआऊट झाला की घड्याळ पाण्याखाली, सिग्नल गेला, वर आल्यावर नवीन जागा पकडताना ते दहा-वीस मीटर इकडेतिकडे चुकतं आणि सॉफ्टवेअर दोन ठिपक्यांमध्ये सरळ रेघ ओढतं. दोन सेकंदात २० मीटर म्हणजे ताशी ३६. जितकं वाईट पडाल तितका स्पीड भारी. सर्फ शॅकवर मग कोणी मोबाईल पुढे करून टॉप स्पीड दाखवायला लागला की मी विचारतो, कुठे पडलेलास रे?

बोर्डवरच्या सेन्सरमध्ये हे कमी होतं कारण त्याला बहुतेक वेळ आकाश दिसत असतं. घड्याळ तर पॅडलिंग करताना, म्हणजे बोर्डवर पोटावर पडून हातांनी पाणी मारत पुढे जाताना, दर हाताला पाण्यात जातं, त्यामुळे त्याने काढलेला मार्ग करवतीच्या दात्यांसारखा येतो आणि अंतर फुगतं. एकच घ्यायचं असेल तर बोर्डवालं घ्या.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते, पॅडलिंग. आपल्याला वाटतं आपण दोन तास सर्फिंग केलं. स्पर्धेतल्या सर्फर्सना जीपीएस आणि हार्ट रेट मॉनिटर लावून न्यूझीलंडच्या संशोधकांनी मोजलं होतं, २०१२ मध्ये छापून आलंय ते, तर ५४ टक्के वेळ पॅडलिंग, २८ टक्के नुसतं बसणं आणि प्रत्यक्ष लाटेवर फक्त ८ टक्के. ही स्पर्धेतल्या लोकांची गत, आमच्यासारख्या हौशी मंडळींची त्याहून बिकट. मग ज्या आठ टक्क्यांत सेन्सर गडबडतो तेच बघत बसण्यापेक्षा ज्या अर्ध्या वेळात तो बिनचूक चालतो तिकडे का बघू नये? पॅडलिंगमध्ये बोर्ड सपाट, वेग कमी-जास्त पण सलग, बोर्डवरच्या सेन्सरला आकाश मोकळं, आणि हाताचे फटके मोजायला मनगटावरचा ॲक्सलरोमीटर अगदी उत्तम.

मी ॲपमधला रंगीबेरंगी सारांश बघणं सोडलं, डेटा एक्सपोर्ट केला आणि लाट पकडायच्या आधीचे सात-आठ सेकंद तेवढे वेगळे काढून बघायला लागलो. निवांत पॅडलिंगला माझा वेग ताशी ४ किमीच्या आसपास, जोर लावून ५, फार तर साडेपाच. लाट येतेय ११-१२ ने. मधला फरक लाटेच्या उताराने भरून काढायचा असतो, आणि आपल्या लाटा लहान, उतार कमी, म्हणजे इथे पॅडलिंगच्या वेगावरच जास्त भिस्त. ज्या लाटा पकडल्या आणि ज्या खालून निसटून गेल्या त्यांच्यात मला फरक दिसला तो अर्ध्या किलोमीटरचाच, ५ च्या वर असलो की बहुतेक वेळा लाट मिळायची, साडेचारला जवळजवळ कधीच नाही. मी आधी समजायचो की माझी जागा चुकतेय.

त्याहून मोठी गंमत फटक्यांच्या आलेखात. शेवटच्या क्षणी घाईघाईने हात मारायला लागलो की मिनिटाचे फटके धाडकन वाढतात आणि वेग तिथल्या तिथेच, कधीकधी उलटा कमी. म्हणजे नुसतं पाणी उडवणं चाललंय. आमचा सर्फिंग शिकवणारा, मूळचा कर्नाटकातल्या मुलकीकडचा पोरगा, हा आलेख बघून एवढंच म्हणाला की दादा कोपर बघ, हात पाण्यात पूर्ण घाल आणि मांडीपर्यंत ओढ, आणि सुरुवात दोन सेकंद आधी कर. हे त्याने आधीही शंभरदा सांगितलं असेल पण आकड्यात दिसल्यावर डोक्यात शिरलं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत कमी फटक्यांत ५ च्या वर जायला लागलो आणि निसटणाऱ्या लाटा खरंच कमी झाल्या. यात सेन्सरचा वाटा किती आणि मार्चपासून दक्षिणेकडच्या महासागरातून येणाऱ्या लांब पिरियडच्या स्वेलचा (दूरवरून येणाऱ्या, दोन लाटांमध्ये जास्त सेकंद असलेल्या लाटांचा) किती हे प्रामाणिकपणे वेगळं करता येत नाही, कारण चौदा-सोळा सेकंदांची स्वेल असली की लाटेत जोरच जास्त असतो. म्हणून मी नंतर इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा फोरकास्ट आणि मुरगावचं भरती-ओहोटीचं टेबल प्रत्येक सेशनच्या बाजूला लिहून ठेवायला लागलो, त्याशिवाय दोन दिवसांची तुलना म्हणजे काहीच नाही. हिवाळ्यात तर अरबस्तानातल्या शमाल वाऱ्यांची स्वेल वायव्येकडून येते, तिचा तिरकेपणाच वेगळा, दुपारी वारा समुद्रावरून सुटला की पाणी सगळं खवळलेलं. असे दिवस आणि सकाळी साडेसहाचे काचेसारखे दिवस एकाच आलेखात टाकून माझी प्रगती अमुक टक्के असं ॲप छातीठोकपणे सांगतं तेव्हा हसू येतं. वेव्ह पूलमध्ये, म्हणजे मशीनने लाटा काढायच्या तलावात, तीच लाट परत परत येते तिथे अशा तुलनेला अर्थ आहे, दर्यात नाही.

नकाशाचा एक उपयोग अनपेक्षित निघाला. लाटेची वाट बघत आपण एका जागी बसलोय असं वाटतं ना, ट्रॅक बघितला तर बसल्या बसल्या दक्षिणेकडे चांगले साठ-सत्तर मीटर सरकलेलो असतो आणि नवखी मंडळी मग म्हणतात आज लाटाच येत नाहीत. लाटा येतायत, तुम्ही सँडबारवरून उठून दुसऱ्याच्या घरी गेलाय. आता किनाऱ्यावरचा एक माड आणि एक शॅक अशी खूण धरून बसतो, आणि हे सेन्सरशिवायही करता येतं म्हणा. कुठल्या जागी जास्त लाटा मिळाल्या त्याचा हीटमॅप पण छान दिसतो पण पावसाळ्यानंतर वाळू हलते, मांद्रेच्या खाडीचं तोंड बदलतं, आणि मागच्या सीझनचा नकाशा रद्दीत.

हार्ट रेटबद्दल फार लिहीत नाही. मनगटावरचा हिरवा लाइट आणि कातडी यांच्यामध्ये पाणी शिरतं, शिवाय पॅडलिंगचे फटके आणि नाडी यांची तो गल्लत करतो. छातीचा पट्टा लावून बघितला, बोर्डवर पोटावर झोपलं की तो खाली सरकतो, आणि ब्लूटूथ पाण्यातून जात नाही ते वेगळंच. बंद करून ठेवा, बॅटरी वाचेल.

वळणांचे आकडे म्हणजे जायरोस्कोपचा भाग. बोर्ड किती अंशात फिरला, किती झुकला, किती झटक्यात, हे सेन्सर बऱ्यापैकी बरोबर सांगतो. पण तो बोर्डचं सांगतो, माणसाचं नाही. गुडघे वाकले होते का, नजर कुठे होती, वजन मागच्या पायावर अडकलं होतं का, यातलं काहीच त्याच्याकडे नाही. आणि ॲप यावरून दहापैकी स्कोअर देतं तो तर निव्वळ करमणूक. स्पर्धेत जज बघतात ते लाट किती अवघड जागी घेतली, मॅन्युव्हरमध्ये, म्हणजे लाटेवरच्या वळणा-करामतींमध्ये, वैविध्य किती, वेग, ताकद, फ्लो, आणि सगळ्यात चांगल्या दोन लाटांचे मार्क धरतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमला एशियन सर्फिंग चॅम्पियनशिपमध्ये भारताच्या रमेश बुडिहाळला ब्रॉन्झ मिळालं तेव्हाही मार्क माणसांनी डोळ्यांनी बघूनच दिले. वळण सुधारायचं असेल तर मित्राला किनाऱ्यावर मोबाईल घेऊन बसवा आणि नंतर त्याला चहा पाव भाजी खाऊ घाला, सेन्सरच्या दहा पट फायदा.

हार्डवेअरचा त्रास बराच झाला. चिकटवायचं पॅड फायबरग्लासच्या बोर्डवर घट्ट बसतं पण सॉफ्टटॉपच्या फोमवर कुठलाच गोंद नीट धरत नाही, त्यात आपलं ऊन. बारीक दोरीने लीशच्या (पायाला बोर्ड बांधायच्या दोरीच्या) प्लगपर्यंत बांधून ठेवलेला म्हणून वाचला, नाहीतर आतापर्यंत लक्षद्वीपला पोचला असता. चार्जिंगच्या पिनांवर जानेवारीतच हिरवट थर आला. दरवेळी गोड्या पाण्याने धुवून, पूर्ण सुकवूनच चार्जिंगला लावायचा, ओल्या पिनेला करंट मिळाला की गंज भराभर येतो. गाडीच्या डॅशबोर्डवर तर चुकूनही ठेवू नका. कस्टमर केअरला मेल केला तर त्यांनी उत्तर दिलं की आपल्या प्रदेशात वॉरंटी लागू नाही, विषय संपला. सिंकला इंटरनेट लागतं आणि किनाऱ्यावर नेटवर्कची बोंब, त्यामुळे सगळं घरी येऊन.

एकदा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला जमलेल्यांपैकी एका काकांनी बोर्डवरचं ते लुकलुकणारं बघून विचारलं, हें मशीन नुस्तें (मासे) दाखयता काय रे? नाही म्हटलं. मागीर कित्याक? म्हणजे मग कशाला? माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं.

घेणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी आधी तपासा. कच्चा डेटा एक्सपोर्ट होतो का, लाट धरायची वेगाची मर्यादा आपल्याला बदलता येते का, आणि सबस्क्रिप्शन संपलं की काय काय बंद पडतं. माझ्या घड्याळात ती मर्यादा बदलता येत नाही, बोर्डवाल्यात येते, ती खाली आणल्यावर लाटांचा आकडा बराच खरा झाला. एकदम नवीन शिकत असाल तर अजिबात घेऊ नका, त्या पैशात वापरलेला चांगला बोर्ड किंवा भरपूर क्लास होतील. उभं राहता येतं, हिरवी, म्हणजे अजून न फुटलेली, लाट पकडता येते पण दहातल्या सहा निसटतात, अशांना घ्यायला हरकत नाही. आणि घड्याळात एसओएस आहे म्हणून कोणी जून ते सप्टेंबरमध्ये पाण्यात उतरू नका, लाल बावटा असेल तर 'दृष्टी' कंपनीचे किनाऱ्यावरचे जीवरक्षक शिट्टी मारतात ते ऐका, तेव्हाचा प्रवाह वेगळाच असतो.

माझं सबस्क्रिप्शन सप्टेंबरमध्ये संपतंय. रिन्यू करणार नाही, कारण पॅडलिंगचा वेग आणि फटके फुकटच्या व्हर्जनमध्येही दिसतात, मी बघून घेतलंय.