परभणीतून दुबईला: कागदं चोख करून देणारं ई-सेवा केंद्र

२०२१ च्या अखेरीस आईला बहिणीच्या बाळंतपणासाठी दुबईला पाठवायचं होतं. स्टेशन रोडवरच्या ई-सेवा केंद्रातल्या दादांनी आधी पासपोर्टच मागितला. कोविड लसीच्या सर्टिफिकेटवर आईच्या नावाला ‘बाई’ जोडलेलं, पासपोर्टवर नाही. कोविनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी साइटवर, नावाची दुरुस्ती एकदाच करता यायची, म्हणून सबमिट करण्याआधी त्यांनी एकेक अक्षर आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग पासपोर्ट नंबर जोडला, रंगीत प्रिंट दिली.

खरी कसरत आरटीपीसीआर या कोविड चाचणीची. तेव्हा दुबईसाठी चाचणी विमान सुटण्याआधी ४८ तासांच्या आतलीच हवी असा नियम होता, अन् तास मोजायचे ते स्वॅब दिल्यापासून, रिपोर्ट हाती आल्यापासून नव्हे. मुंबई गाठायची तर देवगिरी एक्सप्रेसची अख्खी रात्र त्यातच जाते. दादांनी गाडीची वेळ धरून स्वॅबची वेळ सांगितली, रिपोर्टवरचा क्यूआर कोड स्वतःच्या मोबाइलवर स्कॅन करून पाहिला. विमान सुटण्याआधी ६ तासांच्या आत विमानतळावर रॅपिड पीसीआर वेगळी, हेही बजावलं. तिकीट काढून देणाऱ्या एजंटानं याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, याचा मला आजही राग येतो.

केंद्रात बसायला जागा नाही, दुपारी गर्दी फार. म्हाताऱ्या माणसांना घेऊन सकाळीच जा. पैसे मात्र पाटीवर लिहिलेत तेवढेच घेतात.